दहावीची निरोप-पुस्तिका: शेलापागोटी, बक्षीसपत्रे आणि ‘हजेरी २०५०’ (प्रकल्पाच्या नोंदी)

२२ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

२० नोव्हेंबरच्या विधानसभा मतदानासाठी शाळेतील बहुतेक शिक्षक निवडणुकीच्या कामावर होते आणि तळमजल्यावरच्या खोल्यांत मतदान केंद्रे होती. त्यामुळे दिवाळीची सुट्टी संपताच सुरू करायचे काम आज सुरू झाले. दहावीच्या दोन तुकड्यांत मिळून ८४ विद्यार्थी आहेत, ३८ मुली आणि ४६ मुलगे. यंदाच्या निरोप समारंभात भाषणे कमी करून प्रत्येक मुलाच्या नावाने काही विनोदी मजकूर असलेली छापील पुस्तिका द्यावी, असे मी सुचवले आणि मुख्याध्यापिका बाईंनी शाळेच्या वार्षिकाच्या निधीतून ५,००० रुपये मंजूर केले. मुलांकडून एकही रुपया घ्यायचा नाही, ही त्यांची अट होती आणि ती मला मनापासून पटली.

सर्वांत आधी उलटे दिवस मोजले. मागील वर्षी दहावीची लेखी परीक्षा १ मार्चला सुरू झाली होती. या वर्षी मंडळाने ती २१ फेब्रुवारीला ठेवली आहे, आणि तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा ३ फेब्रुवारीपासून आहेत. आमच्या शाळेत निरोप समारंभ एरवी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात होतो. तो आता शनिवार, १ फेब्रुवारीलाच घ्यावा लागणार आहे. मध्ये ६ ते १४ जानेवारी सराव परीक्षा आहे आणि त्या काळात मुलांच्या हातात या कामाचा एक कागदही द्यायचा नाही, असे ठरवले आहे. म्हणजे मजकूर गोळा करण्यासाठी डिसेंबर आणि छपाईसाठी जानेवारीचा उत्तरार्ध, एवढाच वेळ उरतो.

आज दोन्ही वर्गांत एकेक पुठ्ठ्याची पेटी ठेवली. ज्याला ज्याच्यावर शेलापागोटे, म्हणजे थट्टेच्या एक-दोन ओळी, लिहायचे असेल त्याने चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकावे, स्वतःचे नाव लिहिण्याची गरज नाही, असे सांगितले. आमच्या पिढीपासून हीच पद्धत आहे आणि तिच्यात बदल करावा असे मला आज तरी वाटले नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

पेट्या उघडल्या. एकूण २१२ चिठ्ठ्या निघाल्या. त्या घरी नेऊन रात्री प्रकारवार लावल्या. रंग, वजन, उंची, दात, चष्मा यांवर ६८, मुलगा आणि मुलगी यांची जोडी जुळवणाऱ्या ५१, आडनाव, घर किंवा आईवडिलांचा व्यवसाय यांवर १७, शिक्षकांवर २१, कोऱ्या किंवा नुसत्या गाण्याच्या ओळी लिहिलेल्या १९. वापरता येतील अशा चिठ्ठ्या ३६ राहिल्या.

या आकड्यांपेक्षा दुसऱ्या एका मोजणीने मी अधिक अस्वस्थ झाले. त्या ३६ चिठ्ठ्या अवघ्या १४ मुलांवर होत्या, आणि ८४ पैकी २३ मुलांच्या नावाची एकही चिठ्ठी, बरी किंवा वाईट, पेटीत नव्हती. पाच वर्षे एका वर्गात बसूनही ज्यांच्याविषयी कोणाला एक ओळ सुचली नाही, अशी ही २३ मुले आहेत. समारंभात त्यांच्यावर काही वाचले जात नाही, म्हणून त्यांना काही लागतही नाही, असे आपण धरून चालतो. या नोंदी वाचून कोणी हे काम करणार असेल तर पेटी ठेवू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. निनावी पेटीत वर्गातील बोलकी मुले बोलक्या मुलांविषयी लिहितात आणि बाकीच्या चिठ्ठ्यांत जे येते ते वाचण्याजोगे नसते.

१७६ चिठ्ठ्या फाडून टाकल्या. सहा दिवस वाया गेले.

२ डिसेंबर, सोमवार

आजचा मराठीचा एक तास यासाठी घेतला. शेला आणि पागोटे ही मानाने द्यायची वस्त्रे आहेत. ज्याचा सत्कार करायचा त्याच्या खांद्यावर शेला घालतात आणि डोक्यावर पागोटे बांधतात. थट्टेच्या चिठ्ठीला हा शब्द पुढे लागला तरी त्यातला मान गेलेला नाही, हे मुलांना सांगितले आणि मग नवी पद्धत समजावली.

प्रत्येकाने आपल्याच तुकडीतील दोन नावांच्या चिठ्ठ्या उचलायच्या, म्हणजे प्रत्येकावर दोघे जण लिहितील आणि कोणीही सुटणार नाही. चिठ्ठीची अदलाबदल चालणार नाही. लिहिणाऱ्याचे नाव मजकुराखाली छापले जाईल. लिहिण्यापूर्वी एक आठवडा त्या दोघांकडे नीट पाहायचे आणि ते काय करतात याची प्रत्येकी दहा वाक्ये वहीत लिहायची.

या वाक्यांसाठी व्याकरणाचा एकच नियम ठेवला: ‘आहे’ या क्रियापदावर संपणारे वाक्य चालणार नाही. ‘तो जाडा आहे’, ‘ती काळी आहे’, ‘त्याचे वडील अमुक आहेत’ ही सगळी वाक्ये या एका नियमाने बाद होतात, आणि ‘डबा उघडण्याआधी ती शेजारच्या तिघींना त्यांच्या डब्यात काय आणले ते विचारते’ हे वाक्य राहते. माणूस जे करतो ते त्याला हवे तर उद्या थांबवता येते, आणि म्हणून त्यावर हसलेले त्याला सोसते. हा नियम मी फळ्यावर लिहिला, आणि ‘ब’ तुकडीतील मुलांनी तो पुसू दिला नाही.

७ डिसेंबर, शनिवार

वह्या तपासल्या. पहिल्या तीन-चार वाक्यांत सर्वांनी तेच लिहिले आहे: उशिरा येतो, बडबड करते, गृहपाठ करत नाही. पाचव्या-सहाव्या वाक्यापासून मात्र खरे निरीक्षण सुरू होते, म्हणून दहाचा आकडा मला योग्य वाटतो. पाच ठेवले असते तर हाती काहीच लागले नसते.

पेटीत जिच्या नावाची एकही चिठ्ठी नव्हती अशा एका मुलीच्या नोंदीत आठवे वाक्य असे आहे: ‘शाळा सुटल्यावर ती सगळ्यांच्या शेवटी वर्गातून निघते आणि पंखे बंद करते.’ मी या वर्गाला दोन वर्षे शिकवते आहे. पंखे रोज बंद असतात, एवढे मला माहीत होते; ते शिपाई बंद करतात असे मी गृहीत धरले होते.

काही ओळी आजच छान उतरल्या. शिकवायला सुरुवात होताच एकच प्रश्न विचारणाऱ्या एका मुलीवर तिच्या मैत्रिणीने लिहिले:

फळ्यावरती अक्षर उमटे, हात हिचा वर असे;
‘बाई, परीक्षेला आहे का हे?’ उत्तर अजून नसे.

आणि पेन मागून नेणाऱ्या एका मुलावर:

पेन मागून नेले त्याने, परत कधी न आले;
बोर्डाच्या पेपराला तरी स्वतःचे आण, भले!

दुसऱ्या जोडीच्या पहिल्या ओळीत एक मात्रा अडखळते, हे मला दिसत होते. ती मी सुधारली नाही, कारण मी हात लावलेल्या पहिल्या तीन कवितांची मुलांनी पुढे स्वतःची म्हणून ओळखच दिली नाही. त्यानंतर मी फक्त शुद्धलेखन तपासले.

१२ डिसेंबर, गुरुवार

पुस्तिकेचा दुसरा भाग म्हणजे जाताना मागे काय ठेवून जातो याची यादी. अमेरिकेतील हायस्कुलांच्या वार्षिकांत शेवटच्या वर्गाचे विनोदी मृत्युपत्र आणि भविष्यकथन छापण्याची जुनी पद्धत आहे, आणि आमच्या इंग्रजीच्या शिक्षकांनी ती सुचवली होती. मी वर्गात ‘आमचे मृत्युपत्र’ असे शीर्षक दिले आणि दुसऱ्याच दिवशी दोन पालकांचे निरोप आले, की परीक्षेच्या तोंडावर मुलांकडून असे काही लिहून घेऊ नये. त्यांच्या म्हणण्यात मला तथ्य वाटले. पंधरा वर्षांच्या मुलाच्या अक्षरात ‘माझ्या मृत्युपत्राने’ असे वाचणे त्याच्या आईला जड जाणार, हे मला आधीच सुचायला हवे होते.

मार्ग एका वकील पालकांनी दाखवला. मृत्युपत्र देणाऱ्याच्या मृत्यूनंतर अमलात येते. बक्षीसपत्र देणारा जिवंत असतानाच अमलात येते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम १२२ नुसार बक्षीस स्वखुशीने आणि मोबदल्याशिवाय द्यायचे असते, आणि ज्याला द्यायचे त्याने ते देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारावे लागते. स्थावर मालमत्ता असेल तर नोंदणी आणि किमान दोन साक्षीदार लागतात. मुले शाळा सोडून जात आहेत आणि नववीची मुले इथेच राहणार आहेत, तेव्हा बक्षीसपत्र हाच शब्द या प्रसंगाला तंतोतंत बसतो.

त्यातून नमुना तयार झाला: देणार, घेणार, वस्तूचे वर्णन, अटी, दोन साक्षीदार, आणि तळाशी ‘मी वरील बक्षीस स्वीकारले आहे’ यापुढे घेणाऱ्याची सही. कायदेशीर दस्तऐवजाच्या गंभीर भाषेत क्षुल्लक वस्तू लिहिण्याची मुलांना इतकी गोडी लागली की हा भाग दोन दिवसांत पूर्ण झाला. ‘डस्टर झटकण्यासाठी वर्गाबाहेर जाऊन त्यास सात मिनिटे लावण्याची कला, तीमधील सर्व हक्कांसह’ हे एक. दुसरे मी पूर्ण उतरवते:

‘खिडकीजवळील तिसरा बाक, त्यावर माझ्याही पूर्वीच्या कोणी कंपासने कोरलेल्या आठच्या पाढ्यासह, आहे त्या स्थितीत देत आहे. पाढ्यात आठ नवे अडुसष्ट असे कोरलेले आहे. सदर चूक दुरुस्त करण्याची जबाबदारी स्वीकारणाऱ्यावर राहील.’

१९ डिसेंबर, गुरुवार

नववीच्या मुलांकडून स्वीकाराच्या सह्या घेतल्या. ८४ पैकी पाच बक्षिसे नाकारली गेली. ‘मधल्या सुट्टीत माझा मार खाण्याची जागा’ असे ज्यात लिहिले होते ते एक त्यांत होते. नववीतल्या त्या मुलाने सही करण्याआधी मला विचारले, ‘बाई, हे घ्यावेच लागते का?’ स्वीकाराची सही आम्ही केवळ दस्तऐवजाचा थाट म्हणून ठेवली होती, परंतु तिच्यामुळे लहान मुलाला नको म्हणण्याची जागा मिळाली. तो सगळा विषय मी वर्गशिक्षकांकडे वेगळा नेला आहे. पाचही जणांनी नवी बक्षिसे लिहून दिली.

२४ डिसेंबर, मंगळवार

तिसरा भाग भविष्याचा. आज सर्वांत मोठे अपयश आले, म्हणून सविस्तर लिहिते.

कल्पना अशी होती की २०५० सालचे एक वर्तमानपत्र करायचे. तेव्हा ही मुले चाळिशीत असतील, आणि त्यांच्या बातम्या त्यात असतील. सर्वांनी आपापल्या दोन मित्रांच्या बातम्या लिहिल्या. वाचायला बसल्यावर लक्षात आले की बातमी म्हटले की मुलांना पुरस्कार, उद्घाटन, निवड आणि परदेशगमन एवढेच सुचते. जिल्हाधिकारी झालेले ११ जण, अमेरिकेत संगणक कंपनी काढलेले १४, भारतीय क्रिकेट संघात ९. ज्याच्याविषयी लिहिले तो त्यात कुठेच नव्हता. नावे एकमेकांत बदलली असती तरी काही फरक पडला नसता.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर होती. ३८ मुलींपैकी २९ जणींच्या बातमीत लग्न, सासर किंवा मुले यांचा उल्लेख होता. ४६ मुलग्यांपैकी तिघांच्या. यातील बरेचसे मजकूर मुलींनीच लिहिले होते, आणि त्यांत वाईट हेतू मुळीच नव्हता. मी हे आकडे फळ्यावर लिहिले आणि काहीही न बोलता उभी राहिले. वर्ग बराच वेळ शांत होता. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘बाई, आम्हाला दुसरे काही येतच नव्हते असे नाही, पण विनोदी म्हटल्यावर हेच आठवले.’

सगळे मजकूर मागे घेतले. दहा दिवसांचे काम होते. नाताळच्या सुट्टीमुळे पुन्हा लिहून घ्यायला आता फारसा वेळ नाही.

३० डिसेंबर, सोमवार

वर्तमानपत्राऐवजी हजेरी घेण्याचे ठरवले. २०५० साली याच वर्गात माजी विद्यार्थी जमले आहेत आणि वर्गशिक्षक हजेरीपत्रक उघडून क्रमांक पुकारत आहेत. प्रत्येकाने ‘हजर’ म्हणून आपण आता काय करतो ते एका वाक्यात सांगायचे, अशी कल्पना आहे. या वेळी दोन अटी घातल्या. भविष्यातील काम निरीक्षण वहीतील दहापैकी एखाद्या वाक्यातून निघाले पाहिजे, आणि त्या वाक्यातील सवय २०५० सालीही चालू असली पाहिजे.

या दुसऱ्या अटीने काम सोपे झाले. पदवी किंवा पद कोणतेही असो, माणूस तोच राहतो, हे दिसले की हसू आपोआप येते. तीन नमुने देते.

‘अ’, क्रमांक १२: हजर. रेल्वेच्या वेळापत्रक विभागात आहे. आजही आठ मिनिटे उशिरा पोहोचलो, म्हणून आजच्या सर्व गाड्यांना आठ मिनिटांची सूट दिली आहे.

‘ब’, क्रमांक ३१: हजर. भूकंपमापन केंद्रात काम करते. चार बाकांपलीकडची कुजबुज ऐकण्याचा सराव फार उपयोगी पडला.

‘अ’, क्रमांक २६: हजर. वीज केंद्राची मुख्य अभियंता आहे. अजूनही सर्वांत शेवटी निघते आणि पंखे मीच बंद करते.

आज चार तासांत ८४ पैकी ७९ वाक्ये झाली. उरलेली पाच मुले सुट्टीत गावी गेली आहेत.

४ जानेवारी २०२५, शनिवार

आज ज्याचा मजकूर त्याला दाखवण्याचा दिवस होता. प्रत्येकाला ग्रंथालयात एकट्याला बोलावून त्याच्यावर लिहिलेली दोन शेलापागोटी आणि हजेरीचे वाक्य वाचायला दिले. ‘चालेल’, ‘बदलून चालेल’ आणि ‘नको’ असे तीन रकाने ठेवले होते. ‘नको’ म्हणणाऱ्याला कारण विचारायचे नाही, असा स्वतःला नियम घालून घेतला होता. यासाठी दोन शनिवार लागतील असे वाटले होते. काल ‘अ’ आणि आज ‘ब’ असे ते पूर्ण झाले.

१६८ शेलापागोट्यांपैकी ११७ जशीच्या तशी मान्य झाली, ३८ बदलून मान्य झाली आणि १३ नाकारली गेली. हजेरीच्या वाक्यांना एकही नकार आला नाही.

‘आहे’ न वापरण्याच्या माझ्या नियमाची मर्यादाही इथे कळली. एका मुलावर ‘पहिल्या तासाला घोरतो’ असे लिहिले होते. हे करण्याविषयीचे वाक्य आहे आणि नियमात पूर्णपणे बसते. परंतु तो पहाटे चारला उठून वर्तमानपत्रे टाकतो, आणि हे लिहिणाऱ्याला माहीत नव्हते. त्याने कागद बराच वेळ हातात धरला, मग म्हणाला, ‘बाई, मी लिहू का?’ आणि तिथेच बसून त्याने लिहिले:

गावाआधी उठतो मी, पेपर टाकत फिरतो दारी;
पहिल्या तासाला डुलकी लागे, ती झोप आहे उधारी.

संपूर्ण पुस्तिकेतील सर्वांत चांगले शेलापागोटे मला हेच वाटते. दोन विद्यार्थ्यांनी आपल्यावरची दोन्ही नाकारली. त्यांच्याजवळ लिहिणाऱ्याला बसवून नवे लिहवून घेतले.

सहकाऱ्यांपैकी दोघांचा या दाखवण्याला विरोध होता, कारण आधी कळले तर समारंभात मजा राहणार नाही, असे त्यांचे मत होते. त्यांना मी एवढेच सांगितले की प्रत्येकाला फक्त स्वतःचे आणि आपण लिहिलेले माहीत आहे, बाकीच्यांचे नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

सराव परीक्षा संपली आणि मजकूर छपाईच्या ठिकाणी दिला. तिथे वेळ गेला.

मुलांनी मजकूर मोबाइलवर युनिकोडमध्ये टंकलिखित केला होता. छपाईवाल्यांच्या संगणकावर जुन्या पद्धतीचे फॉन्ट होते, म्हणून त्यांनी मजकूर रूपांतरित करून घेतला. पहिले मुद्रित हाती आले तेव्हा ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ आणि ‘बाकावरच्या पोऱ्या’चे ‘पोर्या’ झाले होते, ‘ॲ’ सगळीकडून नाहीसा झाला होता आणि ओळींच्या शेवटी चौकोन आले होते. ‘र्य’ शोधून सरसकट ‘ऱ्य’ करावे, असे त्यांनी सुचवले. तसे करता येत नाही, कारण कार्य, सूर्य, धैर्य या शब्दांत रफारच हवा. एका मुलाच्या भविष्यात तो मोठ्या समारंभांतील आचाऱ्यांना शिकवतो असे होते. मुद्रितात तो आचार्यांना शिकवत होता. दोन्ही शब्द बरोबर आहेत, त्यामुळे ही चूक शुद्धलेखन तपासणाऱ्या कोणत्याही साधनाला सापडली नसती.

सगळा मजकूर परत आणला. शाळेच्या संगणकावर लिब्रेऑफिसमध्ये तो पुन्हा मांडला, मुक्त परवान्यावर मिळणारा मुक्ता हा फॉन्ट वापरला आणि फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ तयार केली. छपाईवाल्यांना फक्त पीडीएफ द्यावी, मजकूर कधीही देऊ नये, हे मी आता पक्के लक्षात ठेवले आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

पुस्तिका ए-५ आकाराची आहे, म्हणजे ए-४ कागद मध्ये दुमडून पाठीवर पिना मारायच्या. एका कागदावर चार पाने येतात, त्यामुळे पृष्ठसंख्या चारच्या पटीत हवी. आमची ५० भरली होती. ५२ करण्यापेक्षा नावांची सूची चार पानांऐवजी दोन पानांत बसवली आणि ४८ केली: शेलापागोटी १४, बक्षीसपत्रे १४, हजेरी १२, मुखपृष्ठामागील शीर्षकपान आणि निवेदन मिळून २, सूची २, आणि सह्या व निरोपांसाठी कोरी ४.

नमुना प्रत काढली तेव्हा दुमडलेल्या गठ्ठ्यातील मधली पाने बाहेर सरकली आणि कडा कापताना त्यांवरचे पृष्ठक्रमांक अर्धे उडाले. बाहेरचा समास १० मिलिमीटरवरून १५ केला आणि क्रमांक तळाशी मध्यभागी घेतले. दुसरी नमुना प्रत ठीक आली. मुलांची छायाचित्रे घातली नाहीत. खर्च हे एक कारण आहेच, पण ही मुले अल्पवयीन आहेत आणि पुस्तिका कोणाच्या हाती जाईल ते आपल्याला ठरवता येत नाही. पीडीएफ कोणत्याही गटावर पाठवायची नाही, हेही पालकांना कळवले.

२८ जानेवारी, मंगळवार

१२० प्रती छापून आल्या. खर्चाचा हिशेब असा आहे. आतील २४ बाजू, प्रत्येकी ९० पैशांनी एका प्रतीस २१ रुपये ६० पैसे, म्हणजे एकूण २,५९२ रुपये. रंगीत मुखपृष्ठ, जाड कागदावर, १४ रुपयांप्रमाणे १,६८० रुपये. दुमडणे, पिना आणि कापणी ४ रुपयांप्रमाणे ४८० रुपये. नमुना प्रती आणि वाया गेलेले पहिले मुद्रित ३१० रुपये. नमुना-अर्जांच्या छायाप्रती २५२ रुपये. एकूण ५,३१४ रुपये झाले, मंजूर रकमेपेक्षा ३१४ जास्त. त्यांतील बहुतेक पैसे पहिल्या मुद्रिताच्या चुकीचे आहेत. जादा रक्कम मुख्याध्यापिका बाईंनी मंजूर केली.

वाटप: विद्यार्थी ८४, शिक्षक व कर्मचारी १८, ग्रंथालय ३, नववीसाठी १५.

१ फेब्रुवारी, शनिवार

समारंभ सकाळच्या शाळेनंतर झाला. तिन्ही भाग वाचले तर तीन तास लागतील, हे तालमीत कळले होते, म्हणून व्यासपीठावर फक्त शेलापागोटी आणि शेवटी हजेरी ठेवली. बक्षीसपत्रे मधल्या वेळात व्हरांड्यात, देणारा आणि घेणारा समोरासमोर उभे करून दिली.

शेलापागोट्यांसाठी प्रत्येकी ४० सेकंद धरून ५६ मिनिटे काढली होती. प्रत्यक्षात एक तास पस्तीस मिनिटे लागली. सुरुवातीच्या दहा-बारा वाचनांत दुसरी ओळ हशात बुडाली, कारण वाचणारी मुलगी थांबतच नव्हती. मी तिला खूण केली की पहिल्या ओळीनंतर थांब, हसू ओसरू दे, मग दुसरी वाच. त्यानंतर सगळे नीट ऐकू आले. पुन्हा करताना प्रत्येकी ७० सेकंद धरावेत. दोन विद्यार्थी गैरहजर होते. त्यांचे वाचले नाही, पुस्तिका घरी पोहोचवली.

आधी दाखवल्याने मजा जाईल ही भीती खरी ठरली नाही. ज्याचे नाव पुकारले जाई तो घाबरून मान खाली घालत नसे. आपली ओळ कधी येते याची तो वाट पाहत असे, आणि हसणाऱ्यांकडे वळून पाहत असे. वर्तमानपत्रे टाकणाऱ्या मुलाचे नाव आले तेव्हा त्याने ध्वनिक्षेपक स्वतःच मागून घेतला आणि आपल्या दोन्ही ओळी म्हटल्या.

हजेरी मी घेतली. ‘अ’ तुकडीचा क्रमांक २६ पुकारला आणि तिने ‘हजर’ म्हटल्यावर पुढचे वाक्य तिच्या तोंडून फुटेना. मागून कोणीतरी सभागृहाचा पंखा बंद केला. ते पाहून ती हसली, आणि मग तिने वाक्य पूर्ण केले.

५ फेब्रुवारी, बुधवार

उरलेली कामे लिहून ठेवते. ग्रंथालयाच्या तीन प्रतींवर दाखल क्रमांक टाकून घेतले. नाकारलेली १३ शेलापागोटी आणि त्यांच्या फाइली काढून टाकल्या. एका बक्षीसपत्रात साक्षीदाराचे नाव दोनदा छापले गेले आहे, ते हाताने दुरुस्त केले. निरीक्षण वह्या ज्याच्या त्याला परत दिल्या. काहींनी त्या आपल्या निरीक्षणातल्या मित्राला देऊन टाकल्या आहेत. नववीच्या वर्गशिक्षकांना नमुना-अर्ज, पानांची मांडणी केलेली कोरी फाइल आणि या नोंदी दिल्या, आणि पुढच्या वर्षी निरीक्षण वह्या ऑगस्टमध्ये सुरू कराव्यात, असे सुचवले.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकाचे बक्षीस स्वीकारणाऱ्या नववीच्या मुलाने अट मनावर घेतली आणि सोमवारी मधल्या सुट्टीत कंपासने अडुसष्टवर रेघ मारून शेजारी बहात्तर कोरले. शाळेच्या वस्तूची नासधूस म्हणून शिपाईकाका त्याला कार्यालयात घेऊन गेले. त्याने खिशातून बक्षीसपत्र काढून दाखवले, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या आणि तपासले म्हणून खाली माझीही होती. मुख्याध्यापिका बाईंनी ते पूर्ण वाचले आणि मला बोलावले. पुढच्या वर्षीच्या नमुन्यात ‘शाळेच्या मालमत्तेवर कोणतीही अट लादता येणार नाही’ असे कलम घालायचे ठरले आहे. तो बाक मात्र रंगवायचा नाही, असे त्या म्हणाल्या.